संपतकाकांचा निबंध

पुण्याजवळच्या मांजरी गावात मस्के सरांच्या क्लासला पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती. जानेवारी लागला की सोजरबाईंच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून पोरांचा एका सुरातला आवाज गल्लीत उतरायचा आणि सगळ्यांना कळायचं, बारावीचा इंग्रजीचा पेपर जवळ आला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला इंग्रजीत मेथी म्हणता येत नसे, पण संपतकाकांचा निबंध तिला तोंडपाठ होता. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ती तो गुणगुणायची.

मस्के सर म्हणजे उत्तरेश्वर मस्के. मूळचे बालाघाटाच्या डोंगरातले. एम.ए., बी.एड. करून नोकरीसाठी पुण्याला आले. शाळेत लागायला जे लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यांच्याकडे जे होतं ते कुठल्या शाळेला नको होतं. मग त्या गच्चीवरच्या खोलीतच राहून शिकवण्या सुरू केल्या. लग्न राहून गेलं. माणूस उंच, जरा पोक काढून चालणारा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, घड्याळ उजव्या मनगटावर, आणि खडूच्या धुळीनं खोकला येतो म्हणून गालात कायम एक लवंग. बोलणं तिरकस. ते गावाकडून आणलेलं नव्हतं, पुण्यात राहून लागलेलं होतं.

निबंधाबद्दल त्यांची मतं ठाम होती. "निबंध विचार करून लिहायचा नसतो," ते पहिल्याच दिवशी सांगत. "विचार करायला तुम्हाला वेळ नसतो, आणि तपासणाऱ्याला तुमच्याहून नसतो. तो बिचारा पंख्याखाली घाम पुसत गठ्ठे उपसत असतो. त्याला ज्ञान नकोय. त्याला रडवा, तो मार्क देईल."

रडवायचं म्हणजे कोणीतरी मेलं पाहिजे, हे ओघानं आलंच. सुरुवातीच्या वर्षांत सरांची पोरं आपापल्या आजोबांना मारत. विषय काही असो, तिसऱ्या परिच्छेदात आजोबा गेलेच. पाठांतर मोठ्यानं चालायचं, त्यामुळे खाली सोजरबाईंच्या कानावर रोज जायचं. बाईंची शाळा दुसरीत सुटलेली, पण 'ग्रँडफादर' आणि 'डेथ' एवढं तिला कुणीतरी समजावून दिलं, आणि ती गुडघे धरत जिना चढून वर आली.

"मास्तर, माझ्या घरात बसून एवढी पोरं रोज आज्याला मारत्यात. वास्तू तथास्तु म्हणती, ठावं हाय ना?"

सर हसले. पण घरमालकीण ती घरमालकीण. शिवाय त्याच आठवड्यात एका पोराचे आजोबा खरंच गेले आणि त्याचा बाप क्लासच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मग सरांनी तोडगा काढला. कुणाचाच नातेवाईक नको. जो नाहीच, त्याला मारू.

असे संपतकाका जन्माला आले. कालव्याकाठी राहणारा एकटा माणूस, पोरांना फुकट इंग्रजी शिकवणारा. परीक्षकाला खरं वाटायला बारीक तपशील लागतात म्हणून सरांनी त्याला स्वतःजवळचेच दिले. उजव्या मनगटावर घड्याळ, गालात लवंग, चष्म्याला दोरा. एक दिवस एक लहान मूल कालव्यात पडतं. काकांना पोहता येत नाही, तरी ते उडी घेतात. ही डिड नॉट थिंक ट्वाइस. ही नेव्हर केम बॅक. संपलं.

आणि तो निबंध काय चालला! बोर्ड दर दोन-तीन वर्षांनी निबंधाचं नाव बदलतं, कधी त्याला ब्लॉग म्हणतं, कधी विचारविस्तार. संपतकाका सगळ्याला पुरून उरले. झाडावर प्रश्न आला तर काका झाडाखाली शिकवायचे. पाण्यावर आला तर कालवा होताच. मोबाइलवर आला तर काकांकडे मोबाइल नव्हता, आणि म्हणूनच ते मोठे होते.

सोजरबाईला हा तोडगा सांगितला तेव्हा ती खूश झाली नाही. शेंगा निवडत होती, ती हात न थांबवता म्हणाली, "ज्याला जन्मच न्हाय त्याला वास्तू मारंल कशी? आदी त्याला जन्माला घालंल. मग मारंल."

हा किस्सा सर पुढे दर बॅचला रंगवून सांगत आणि पोरं खो खो हसत.

वर्षं गेली. आजूबाजूचा ऊस हटून टॉवर उभे राहिले. सरांची काही पोरं स्वतःच क्लास चालवू लागली. कसब्यातल्या एका माडीवर संपतकाका पाठ होऊ लागले, हिंजवडीकडच्या एका हॉस्टेलात होऊ लागले. सरांनी कधी हक्क सांगितला नाही. आपला निबंध गावभर फिरतो म्हटल्यावर कुठल्याही माणसाला मनातून बरंच वाटतं, तसं त्यांना वाटायचं.

पहिला खडा विश्वजीतच्या बोलण्यात लागला. विश्वजीत सोजरबाईचा मुलगा, सरांच्या अगदी पहिल्या बॅचचा. आता प्लॉटिंग करायचा आणि निवडणुकीच्या तिकिटाच्या मागे होता. एकदा चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "आज संपतकाका असते ना सर, तर कॅनॉलच्या कडेला असा कचरा पडू दिला नसता."

सर म्हणाले, "हो, आणि आपल्या निबंधाच्या वह्या फाडून त्यांत भजी बांधू दिली नसती."

विश्वजीत हसला नाही. त्यानं सरांकडे पाहिलं, ते मयताच्या घरी कुणी चेष्टा केल्यावर पाहतात तसं.

मग एका सकाळी फिरायला गेले असताना सरांना कालव्याच्या पुलाजवळ शेंदूर लावलेला एक दगड दिसला. पुढे फुटका नारळ आणि झेंडूची दोन फुलं होती. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई कडेवर पोर घेऊन पाया पडत होती. सरांनी विचारलं, कुठला देव? ती म्हणाली, "देव न्हाय वं. हितं एक काका बुडाले. लेकराबाळांना राखत्यात."

"कधी बुडाले?"

"ते काय म्हाईत न्हाय बा," ती म्हणाली, आणि सरांच्या गालाकडे, मग मनगटाकडे पाहून तिनं पोराच्या तोंडावर पदर ओढला.

त्या दिवसापासून सरांनी फिरायचा रस्ता बदलला. मनाला समजावलं, लोक कुठल्याही दगडाला शेंदूर फासतात, इथे तर निदान निबंध आहे. तरी क्लासमध्ये निबंध सुरू झाला की त्यांना मानेवर गार वाटायचं. पत्र्याखाली उकडत असलं तरीसुद्धा.

यंदा मात्र निबंध स्वतःच वाढला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात पाठांतर चालू होतं, सर फळा पुसत होते, आणि पोरं एका सुरात एक वाक्य म्हणून गेली. त्या मुलीचे बूट चूं चूं वाजत होते आणि एका बुटाचा आवाज गेला होता, असं काहीतरी.

सर वळले. "हे कुणी सांगितलं?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी म्हणालं सर तुम्हीच, कुणी म्हणालं दादाच्या वेळेपासून आहे. सरांनी 'एक मूल' लिहिलं होतं. मुलगी की मुलगा हेही लिहिलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य खोडायला सांगितलं आणि पोरांनी निमूट खोडलं. दुसऱ्या दिवशी पाठांतरात ते पुन्हा होतं.

संक्रांतीनंतर विश्वजीतनं आपल्या सोनूला जत्रेतून बूट आणले. सोनू त्याची धाकटी, अजून शाळेत न घातलेली. पाऊल टाकलं की बूट चूं करायचे. ती दिवसभर जिना वर-खाली करायची, सरांकडून खडूचे तुकडे न्यायची आणि पायऱ्यांवर रेघोट्या मारायची. सर तिला 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणत. आठवड्याभरात एका बुटात पाणी गेलं आणि त्याचा आवाज बंद पडला. मग एक पाऊल वाजायचं, एक वाजायचं नाही. वाजायचं, वाजायचं नाही. सर खोलीत बसून ते ऐकत राहायचे आणि त्यांच्या हातातला चहा निवून जायचा.

त्यातच फ्लेक्स लागला. पुण्यात फ्लेक्स लागायला काही कारण लागत नाही, पण हा चौकात चांगला दोन मजली होता. 'कै. संपतकाका यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन', खाली विश्वजीत हात जोडून उभा, आणि वर गोलात काकांचा फोटो. चष्म्यावर फ्लॅशचा उजेड पडल्यानं डोळे दिसत नव्हते. घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

सर तसेच विश्वजीतच्या ऑफिसात गेले. "अरे, तो फोटो माझा आहे."

"काय सर तुम्ही पण!" विश्वजीत मोबाइल काढत म्हणाला. "आपल्या सेंड-ऑफचा आहे. हे बघा. हे संपतकाका, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही."

त्यानं बोट ठेवलं होतं तिथे शेजारी कोणी नव्हतं. रिकामी खुर्ची होती, आणि पाठीमागे भिंतीचा पोपडा.

"तुम्ही तेव्हा फार बारीक होता सर," विश्वजीत कौतुकानं म्हणाला.

सर घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर घाबरले. आतापर्यंतचं सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांना सोजरबाईचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. आधी जन्माला घालेल, मग मारेल. पहिलं काम तर झालेलंच दिसत होतं.

पण मस्के सर पंचवीस वर्षं पोरांचे निबंध सुधारत आले होते. निबंधानं बिघडलेलं निबंधानंच सुधारेल, एवढी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी शेवट बदलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा शेवट लिहिला. काका कसेबसे काठाला लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, सगळे घरी गेले. पोरं कुरकुरली, परीक्षा तोंडावर आली आणि सर आता बदलतायत म्हणून. तरी लिहून घेतलं.

"म्हणा," सर म्हणाले.

पोरांनी सुरुवात केली. उडीपर्यंत सगळं नीट आलं, आणि मग सगळी पोरं, फळ्याकडे बघत, फळ्यावर लिहिलेलं सोडून म्हणाली, "ही नेव्हर केम बॅक."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी परत म्हणायला लावलं, एकेकाला म्हणायला लावलं, हळू वाचायला लावलं. जीभ त्या वळणावर आली की जुन्याच वाटेनं जायची. सगळे गेल्यावर सरांनी दार लावलं आणि स्वतः म्हणून पाहिलं. त्यांचीही तीच गत झाली.

तो शेवट पोरांच्या तोंडी इतका बसला होता की तिथे दुसरं काही मावत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा क्लास झाला. नियमाप्रमाणे सरांनी प्रत्येकाच्या हातावर एक लवंग ठेवली. पेपर लिहिताना घशाला कोरड पडू नये म्हणून. रांगेत शेवटी तनुजा होती. तिचे वडील हिंजवडीच्या कंपनीची बस चालवायचे. मुलगी पाठांतरात कच्ची, कारण मध्येच तिला प्रश्न पडायचे. सर तिला म्हणत, "तुला बारावी नाही, बालवाडी पास व्हायचीय. तिथे प्रश्न चालतात." आजही ती लवंग घेऊन हलेना.

"सर, एक विचारू? ते बाळ वाचलं का?"

"कुठलं बाळ?"

"निबंधातलं. काका बुडाले एवढंच आहे. बाळाचं पुढे काहीच नाही."

सरांच्या तोंडून सवयीनं गेलं, "त्याला मार्क नाहीत." इतकी वर्षं, इतकी पोरं, इतके तपासणारे, कुणीही हे विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही सुचलं नव्हतं. सगळे काकांसाठी रडत होते आणि ते पोर पाण्यातच राहिलं होतं.

बाहेर जिन्यावर बूट वाजत होता. वाजायचा, वाजायचा नाही.

आता सांगायला हरकत नाही, सरांनी त्या क्षणी आधी स्वतःचाच विचार केला. इथे एक मोकळी जागा आहे, पाठ झालेलं काही नाही, म्हणजे नवं वाक्य इथे बसेल. मग इथेच काका परत आले असं लिहिता येईल? त्यांनी मनात म्हणून पाहिलं. जीभ जुन्या वाटेला लागली. काकांचं व्हायचं ते ठरून गेलं होतं. मोकळी जागा फक्त त्या पोरीची होती.

"थांबा रे सगळे," ते जिन्यात उतरलेल्या पोरांना ओरडले. "परत वर या. एक वाक्य वाढवायचंय."

पोरं चपला काढून परत बसली. सरांनी फळ्यावर लिहिलं आणि म्हणायला लावलं. द चाइल्ड वॉज सेव्ह्ड. पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या तोंडून ते लख्ख आलं. "अजून एकदा," सर म्हणाले. "अजून. मोठ्यानं. खाली ऐकू गेलं पाहिजे." पत्रे थरथरले. "कसब्यात, हिंजवडीत कुणी मित्र असतील त्यांना फोन करा. म्हणावं, मस्के सरांनी सांगितलंय, हे वाक्य आलंच पाहिजे, नाहीतर मार्क जातील."

जाताना तनुजा दारात थांबली. "आणि सर, काका?"

"दोघांना वाचवायला वेळ नाही," सर म्हणाले. "उद्या पेपर आहे."

पेपरच्या दिवशी सर दरवर्षी केंद्राच्या फाटकाशी उभे असायचे. यंदा गेले नाहीत. दाराला आतून कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि खुर्चीत बसले. कालव्याला पाणी सुटलं होतं, हे त्यांना भाजीवालीकडून कळलं होतं. आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढा एक दिवस निभावला की झालं, मग हे घर सोडू, गावाकडे जाऊ, ज्वारीच्या शेतात बसू, तिथे बुडायला विहिरीतसुद्धा पाणी नसतं. त्यांना स्वतःच्या या कोटीचं हसू आलं, आणि त्यांनी उठून कडी पुन्हा एकदा तपासली.

ऊन पत्र्यावर चढलं. म्हणजे पेपर सुरू झाला. शहरभर बाकांवर माना खाली गेल्या असतील. कुणी पहिल्या परिच्छेदात असेल, कुणी दुसऱ्या. सरांना वाटलं, पेनांची खरखर ऐकू येतेय. मग कळलं, ती जिन्यावरच्या खडूची आहे.

खडू थांबला. बूट वाजला. एक पायरी वाजली, एक नाही. आवाज खाली गेला, गल्लीत गेला, भाजीवालीच्या कोपऱ्यावरून पुढे गेला. एवढ्या गलक्यात, एवढ्या लांबून तो बूट ऐकू यायला नको होता, पण सरांना येत होता. उसाच्या राहिलेल्या पट्ट्याकडून तो कालव्याच्या भरावावर चढला. वाजला. वाजला नाही. मग वाजायची पाळी होती, तेव्हाही वाजला नाही.

खालून सोजरबाईची हाक आली. इतकी वर्षं ती सरांना नुसतं 'मास्तर' म्हणत आली होती. आपण कोण हे सगळं गाव विसरलं तरी ही म्हातारी विसरणार नाही, अशी त्यांना मनात खात्री होती.

"आवं संपत मास्तर! सोनू हाय का वर?"

आणि सर म्हणाले, "आलो."

ओ दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठल्या नावाला ओ दिली.

निबंधात लिहिलं होतं की काकांनी दुसऱ्यांदा विचार केला नाही. ते खोटं आहे. मस्के सरांनी केला. दाराच्या कडीवर हात ठेवून ते उभे राहिले आणि त्यांना जगावंसं वाटलं, अगदी लाज वाटावी इतकं. कडी काढलीच नाही तर? निबंध तर म्हणतोय पोरगी वाचली. काल पोरांनी पत्रे हलेपर्यंत म्हटलंय. मग त्यांना त्या वाक्यातली गोम दिसली. वाचवली गेली, एवढंच त्यात होतं. कुणीतरी वाचवावी लागणार होती, आणि त्यासाठी शहरभराच्या पोरांनी एकच माणूस पाठ केला होता.

त्यांनी कडी काढली. चपला घालायला थांबले नाहीत.

भरावाच्या पलीकडे पाणी गढूळ होतं आणि सिमेंटचा उतार शेवाळानं बुळबुळीत. सोनूच्या बाहीचा तुकडा दिसला आणि ते त्याच्या दिशेनं गेले. उडी वगैरे काही मारली नाही, घसरतच गेले. पाणी हाडापर्यंत गार होतं. पाय टेकेनात. हाताला बूट लागला, मग पाय, मग सबंध पोरगी. त्यांनी तिला डोक्यावर धरलं, वर ढकललं, आणि काठावरच्या ऊसतोडीच्या बायकांनी तिला ओढून घेतली. क्षणभर काही नाही. मग सोनूनं असं भोकाड पसरलं की सरांना वाटलं, इतक्या वर्षांत इतकं शुद्ध कुणी काही म्हटलेलं नाही. त्यांना मनापासून आनंद झाला.

पाणी त्यांना पुलाकडे ओढत होतं. काठानं माणसं धावत होती, कुणी पदर फेकत होतं, कुणी ऊस पुढे करत होतं, आणि सगळी एकाच सुरात हाका मारत होती, "संपतकाका! ओ संपतकाका!"

मस्के सरांनी जन्मभर लोकांच्या चुका सुधारल्या होत्या. त्यांनी घड्याळाचा हात वर केला, वर्गात पोरांना थांबवताना करत तसा, आणि आपलं नाव सांगायला तोंड उघडलं. लवंग बाहेर गेली आणि पाणी आत आलं.